वाडा चिरेबंदी

महेश एलकुंचवार यांचे कौटुंबिक नाटक. रंगभूमीवर प्रथम प्रयोग १९८५. ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ ही याच कुटुंबाची पुढील कथा सांगणारी नाटके असून तिन्ही मिळून ‘वाडा’ नाट्यत्रयी होते.

पार्श्वभूमी : एलकुंचवारांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे झाला. पुढे नागपुरात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. ‘सुलतान’, ‘होळी’, ‘वासनाकांड’, ‘गार्बो’, ‘पार्टी’ या आधीच्या नाटकांनी त्यांना प्रयोगशील नाटककार म्हणून ओळख दिली होती. ‘वाडा’मध्ये ते वास्तववादी घरगुती नाटकाकडे वळले. नाटकामागे मोठे सामाजिक स्थित्यंतर आहे. स्वातंत्र्यानंतर वतने गेली, कूळकायदे आले आणि १९६१च्या कायद्याने जमीनधारणेला कमाल मर्यादा घातली. विदर्भातही जुनी जमीनदारी संपली. सत्ता आणि उत्पन्न ओसरले तरी घराण्याची प्रतिष्ठा मात्र सांभाळायची होती. तो ताण नाटकाच्या मुळाशी आहे.

कथानक : धरणगावच्या देशपांड्यांचे कर्ते तात्याजी वारले आहेत. मुंबईला नोकरी करणारा मुलगा सुधीर, पत्नी अंजली व मुलगा अभय यांच्यासह गावी येतो. थोरला भाऊ भास्कर आणि त्याची पत्नी, वहिनी, घर सांभाळत आहेत. भाऊ चंदू निमूटपणे राबतो. बहीण प्रभाची शिकण्याची इच्छा मारली गेली आहे. अंथरुणाला खिळलेल्या दादीला मुलगा गेल्याचे भानही नाही. तेराव्याचा खर्च कसा भागवायचा, घराण्याचे सोने कोणाचे, या प्रश्नांवरून जुने सल वर येतात. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर दागिने घेऊन पळून जाते आणि घराचा उरलासुरला आधारही सुटतो.

वैशिष्ट्ये : नाटकात खलपुरुष नाही. प्रत्येकाची बाजू खरी वाटते, म्हणूनच त्यांची भांडणे अधिक जिव्हारी लागतात. घरच्यांच्या बोलण्याला वैदर्भी वळण आहे, तर मुंबईकरांची, विशेषतः कोकणस्थ अंजलीची, बोली वेगळी. या फरकातच घरातले अंतर ऐकू येते. पडत्या वास्तूबरोबर घराणे विरघळत जाण्याचा हा विषय चेखॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’शी, तर एका छपराखाली प्रेम आणि दोषारोप एकत्र नांदवण्याची रीत युजीन ओनील यांच्या ‘लाँग डेज जर्नी इन्टू नाइट’शी नाते सांगते. मात्र तेरावा, वाटण्या, सोवळे आणि शेती यांत गुंतलेला ‘वाडा’चा जीव पूर्णपणे इथल्या मातीतला आहे.

प्रयोगेतिहास : ‘कलावैभव’ने सादर केलेला पहिला प्रयोग विजया मेहता यांनी दिग्दर्शित केला. त्यांनी याच कथेवर ‘हवेली बुलंद थी’ हा हिंदी दूरचित्रपटही केला. वसंत देव यांचे हिंदी भाषांतर ‘विरासत’ या नावाने रंगभूमीवर आले, तर इंग्रजी भाषांतर ‘ओल्ड स्टोन मॅन्शन’ या नावाने प्रसिद्ध झाले. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘आविष्कार’साठी तिन्ही भाग सलग, सुमारे नऊ तासांच्या प्रयोगात सादर केले. वाड्यातल्या पुढच्या पिढीचे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि दुष्काळाने उजाड झालेल्या गावातले ‘युगान्त’ यांमुळे एका घराची कथा पुऱ्या प्रदेशाची झाली. २०१४ साली कुलकर्णी यांनीच ‘वाडा चिरेबंदी’ नव्या संचात व्यावसायिक रंगभूमीवर आणले आणि पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ही केले.

महत्त्व : ‘युगान्त’साठी एलकुंचवारांना २००२चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि सरस्वती सन्मान मिळाले. ग्रामीण महाराष्ट्रातल्या उतरत्या घराण्यांचे दुःख, त्यांचा दुराग्रह न झाकता आणि त्यांची माया न नाकारता, मांडणारे इतके समर्थ नाटक मराठीत दुसरे नाही.