खर्चुडीच्या नावांची वंशावळ

नागपूरच्या नर्सरीत हल्ली सक्युलंट झाडांसाठी वेगळा कोपरा असतो. सक्युलंट म्हणजे पाना-खोडात किंवा जमिनीखालच्या कंदात पाणी साठवून ठेवणारी मांसल झाडं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोज पाणी घालायचा कंटाळा असणाऱ्यांची ती लाडकी. त्या कोपऱ्यात निवडुंगांच्या शेजारी एक बारीक वेल टांगलेली दिसते, पत्त्यांतल्या बदामासारख्या जाड पानांची. दुकानदार तिला 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' म्हणतो. शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. मूळ गाव दक्षिण आफ्रिका. जॉन मेडली वुड या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती नाताळमध्ये १८८१ साली सापडली, म्हणून वुडी.

तर मंडळी, सांगायची गोष्ट अशी की या वेलीची भावंडं आपल्या सह्याद्रीत आहेत. एकदोन नव्हे, चांगली मोठी पलटण आहे. मराठीत त्यांना खर्चुडी किंवा खर्पुडी म्हणतात, आणि फुलावरून कंदीलपुष्प. गुराख्यांना त्यांचा कंद माहीत असतो, कारण तो खाता येतो. रानडुकरांना आणि साळिंदरांनाही माहीत असतो. बाकी आपल्यासारख्यांना आफ्रिकेतली ओळखीची आणि घरची अनोळखी, असा प्रकार आहे!

हे कुळ भारतापासूनच नावारूपाला आलं. मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हान र्‍हीडने जो 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ करवून घेतला (१६७८ ते १६९३), त्यात यातली एक वेल चित्रासकट होती. त्याच्या आधारे लिनियसने १७५३ साली सेरोपेजिया हे नाव दिलं. ग्रीक शब्दांचा अर्थ साधारण 'मेणाचं कारंजं'. फूल पाहिलं की नाव पटतं. खाली फुगीर, मधे अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्या टोकाला जुळून केलेला पिंजरा. आमच्या लोकांनी त्याला कंदील म्हटलं, तेही तितकंच बरोबर.

या कंदिलाची गंमत आत आहे. वासाला भुलून बारीक माशी नळीत उतरते. नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. ती खाली धडपडत असताना परागांची छोटी पुटुळी तिच्या सोंडेला चिकटतात. काही काळाने केस सुकतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा फसते. माशी मरत नाही, फक्त कामाला जुंपली जाते.

पावसाळ्यात कंदातून कोंब येतो, फूल येतं, शेंगा धरतात आणि दिवाळीनंतर वरचं सगळं वाळून जातं. उरलेलं वर्ष झाड जमिनीखाली. म्हणजे ज्याला ही झाडं अभ्यासायची आहेत, त्याला भर पावसात, निसरड्या कड्यांवर, मोजक्या आठवड्यांत जावं लागतं. हुकलं तर पुढच्या वर्षी. आणि बऱ्याच जाती एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच आहेत.

आता मला खरी मौज वाटते ती त्यांच्या नावांची. सह्याद्रीतल्या सेरोपेजियांची नावं ओळीने लावली की एक वंशावळच तयार होते. झाडांची नव्हे, माणसांची.

सुरुवातीला साहेब लोक. सेरोपेजिया लॉई ही जे. एस. लॉ या मुंबई इलाख्यातल्या मुलकी अधिकाऱ्याच्या नावाची. जोसेफ हूकरने तिचं वर्णन लंडनकडे बसून 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'त केलं. आज हरिश्चंद्रगडाचे डोंगर तिचं घर म्हणून ओळखले जातात. सेज्विक हा आय.सी.एस. अधिकारी, त्याने उत्तर कन्नड भागातल्या एका फुलाला सरळ 'फँटॅस्टिका' म्हणून टाकलं. कचेरी सांभाळून झाडं गोळा करणारी ही माणसं. त्यांचे नमुने कागदावर चिकटून कलकत्त्याला किंवा क्यूला जात.

मग येतात फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन. ब्लॅटर (१८७७ ते १९३४) स्वित्झर्लंडचे जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मॅकॅनचा जन्म मात्र १८९९ सालचा, इथलाच, घाटातल्या कॅसलरॉकचा. तो ब्लॅटरच्या हाताखाली तयार झाला आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम करू लागला. पक्षी, साप, वटवाघळं, गवतं, त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. दोघांनी मिळून सेरोपेजिया पाचगणिएन्सिस हे नाव दिलं. ब्लॅटर गेल्यावर दोघांचं 'द बॉम्बे ग्रासेस' हे पुस्तक १९३५ साली बाहेर आलं, ते पूर्ण करण्याचं काम मॅकॅनचं. गुरूचं राहिलेलं काम शिष्याने तडीला नेलं.

स्वातंत्र्याच्या सुमारास मॅकॅन न्यूझीलंडला गेला. वेलिंग्टनच्या डोमिनियन म्युझियममध्ये नोकरी केली, तिथल्या सरड्यापालींवर १९५५ साली पुस्तक लिहिलं. १९८० साली वारला. सह्याद्री मागे राहिला तो राहिलाच.

पण गोष्ट इथे संपत नाही. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पुण्याचं केंद्र १९५५ साली सुरू झालं. तिथे एम. वाय. अन्सारी नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी सेरोपेजिया हाच आपला विषय धरला. हर्बर्ट ह्यूबर या जर्मन अभ्यासकाने १९५७ साली जगभरच्या सेरोपेजियांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला होता. अन्सारींनी इथल्या डोंगरांवरची जिवंत झाडं आणि कपाटांतले जुने नमुने यांचा मेळ घातला. १९८४ साली भारतातल्या सेरोपेजियांवरचा त्यांचा खंड निघाला. चाळीसहून अधिक जातींचा तो हिशेब आजही या विषयाचा पाया मानला जातो.

अन्सारींनी, कधी एकट्याने तर कधी सहकाऱ्यांबरोबर, नव्या जातींना दिलेली नावं बघा. ह्यूबराय, ज्याच्या आढाव्यावर पुढचं काम उभं राहिलं त्याची. सांतापावी, सर्व्हेचे संचालक राहिलेल्या फादर सांतापाव यांची. जैनी, आदिवासींचं वनस्पतिज्ञान टिपून ठेवणाऱ्या एस. के. जैन यांची. महाबळेई, पुण्याचे प्राध्यापक त्र्यं. शं. महाबळे यांची. ही त्यांनी के. हेमाद्रींबरोबर नोंदवली, जुन्नरच्या बाजूची, वेल न होता ताठ उभी राहणारी. आणि मॅकॅनी! पुण्याजवळच्या डोंगरी किल्ल्यांच्या परिसरातली ही खर्चुडी मॅकॅनच्या नावाने ओळखली जाते. तिकडे न्यूझीलंडमध्ये एका छोट्या सरड्याच्या जातीलाही त्याचंच नाव आहे. एक माणूस, दोन देश, आणि दोन्हीकडे आठवण जिवंत प्राण्या-झाडांत.

शास्त्रात नियम असा की स्वतः शोधलेल्या झाडाला स्वतःचं नाव देणं बरं दिसत नाही. म्हणून ही नावं नेहमी दुसऱ्याची असतात. मागच्याने पुढच्यासाठी जे करून ठेवलं त्याची पोच. आपण श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतो ना, तसंच काहीसं. यात स्पॅनिश, जर्मन, अँग्लो-इंडियन, मुसलमान, जैन, ब्राह्मण सगळे एकाच वंशावळीत बसले आहेत आणि कोणाला काही अडचण आलेली नाही.

नाव मिळालं म्हणजे झाड वाचलं असं मात्र नाही. भारताच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या रेड डेटा बुकात कितीतरी सेरोपेजिया आहेत. कंद खणले जातात, गुरं चरतात, वणवे लावले जातात, पठारांवर रस्ते आणि बंगले येतात. कागदावरचा नमुना शंभर वर्षं टिकतो, पण तो बी धरत नाही.

पुढच्या पिढीने म्हणून जिवंत झाडांकडे लक्ष वळवलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवल्या, रोपं तयार केली, काही पुन्हा डोंगरावर नेऊन लावली. नव्या जातीही सापडत राहिल्या. नाशिकजवळच्या अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका २००६ साली जाहीर झाली, आणि २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. २०२३ साली विशाळगडावरच्या खर्चुडीला शिवरायांचं नाव देण्यात आलं, सेरोपेजिया शिवरायियाना. लॉसाहेबापासून शिवरायांपर्यंत... वंशावळ बरीच फिरून घरी आली म्हणायची.

आपण नागपूरकर सह्याद्रीपासून लांब, पण तोच काळा कातळ सीताबर्डीच्या टेकडीपर्यंत येऊन पोचलेला आहे. एन. आर. उगेमुगे यांनी १९८६ साली नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींचं पुस्तक काढलं. अशी पुस्तकं कोणी गोष्टीसारखी वाचत नाही. पण पन्नास वर्षांनी 'हे झाड इथे होतं का?' असं कोणी विचारलं, तर उत्तर तिथेच मिळतं. एखाद्या माणसाने पावसात हिंडून, मान मोडून, एका छोट्या विषयाला आयुष्य दिलेलं असतं, म्हणून मिळतं.

असो. श्रावण-भाद्रपदात पुण्या-नाशकाकडच्या भावंडांपैकी कोणी ट्रेकला गेलं आणि गवतात हिरवट-जांभळा कंदील दिसला, तर जरूर थांबा. फोटो काढा, कंदाला हात लावू नका, आणि नेमकी जागा चारचौघांत सांगत बसू नका. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांना मात्र नक्की कळवा. ते बहुधा तुमच्या आधी तिथे जाऊन आलेले असतील, पण यंदा झाड अजून आहे हे त्यांना कोणीतरी सांगायला हवंच असतं.