खुंबी नव्हे, कमआ

मागच्या महिन्यात उर्दूच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, दादीला मोतीबिंदू झालाय. बाजारातल्या मशरूमचे पाणी डोळ्यात घातले तर चालेल का?" खुंबी 'मन्न'पैकी आहे आणि तिच्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा आहे, असे त्याने हदीसच्या उर्दू तर्जुम्यात वाचले होते. मी आधी नाही म्हटले आणि घरी येऊन शब्द पाहिला.

मूळ अरबी शब्द 'कमआ'. उर्दूत खुंबी, मराठीत अळंबी केले की डोळ्यांपुढे छत्री उभी राहते. कमआला छत्री नाही, दांडा नाही. ती बटाट्यासारखी दिसणारी, वाळवंटात एका लहान झुडपाच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी बुरशी आहे. युरोपातल्या महागड्या ट्रफलची नातलग, पण वासाला सौम्य. वरची माती फुगून तडकली की बदावी ओळखतात.

हे अन्न फार जुने. फुरातकाठच्या मारी शहरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांत झिम्री-लिम राजाला ही बुरशी पाठवल्याची पत्रे आहेत, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. अक्कादी भाषेतला शब्दही जवळपास हाच.

तिर्मिझीतल्या एका रिवायतीनुसार काही सहाबा कमआला जमिनीच्या देवी म्हणत. (मराठीत इथे दुसरी अडचण! देवी म्हणजे तो रोग, अंगावर उठणारे फोड.) त्यावर पैगंबरांनी (स.) ती मन्नपैकी असल्याचे सांगितले. भाष्यकार याचा अर्थ असा लावतात की ना पेरणी, ना मशागत, तरी मिळालेले हे अन्न. पाऊस आणि गडगडाटानंतर उगवते म्हणून अरब तिला मेघगर्जनेची लेक म्हणत.

खायची रीत साधी. वाळू निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायची, सोलायची, मिठाच्या पाण्यात उकडायची, मग तुपात परतून भाताबरोबर किंवा मटणात. बदावी निखाऱ्याच्या राखेतही भाजतात.

सीरियात गरिबांसाठी हा हंगामी रोजगार आहे. पण त्याच वाळवंटात युद्धाने सुरुंग पेरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अल-सुख्नाजवळ कमआ वेचायला गेलेल्यांवर हल्ला झाला. ५० हून अधिक माणसे मेली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगितले, "मशरूमची भाजी कर, दादीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने." त्याने विचारले, "सर, कमआ लागते कशी?" मी खाल्लेली नाही. कुवेतला असलेल्या मावसभावाला सांगून ठेवले आहे. तिकडे तिला 'फगआ' म्हणतात.