सॉफ्टवेअरमधील गुणवत्ता हमीची आव्हाने : मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या ऑनस्क्रीन मूल्यांकनाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
सॉफ्टवेअरची कामे वेळेत व निर्दोष का होत नाहीत, या प्रश्नावर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील नाटो परिषदेत व्यापक चर्चा झाली. त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. पुढे परदेशी ग्राहकांचा विश्वास संपादन करण्यासाठी भारतीय कंपन्यांनी आयएसओ ९००० व सीएमएम ही मानके स्वीकारली. ही मानके प्रामुख्याने कार्यपद्धती तपासतात. तयार प्रणाली वापराच्या ठिकाणी टिकेल काय, हा प्रश्न स्वतंत्र आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मुंबई विद्यापीठाचा अनुभव :
अभियांत्रिकी शाखेत आधीपासून असलेली ऑनस्क्रीन पद्धत २०१७ च्या उन्हाळी परीक्षांना सर्व शाखांसाठी एकदम लागू करण्यात आली. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख होत्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागणे अपेक्षित असते. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली व अखेरचे निकाल सप्टेंबरात लागले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

गुणवत्ता हमीतील आव्हाने :
पहिले आव्हान व्याप्तीचे आहे. एका शाखेत चाललेली प्रणाली सर्व शाखांचा भार पेलेलच, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी भारक्षमतेची स्वतंत्र चाचणी लागते. दुसरे आव्हान साखळीचे आहे. स्कॅनिंग, बारकोड, केंद्रावरील संगणक, इंटरनेट, परीक्षकाचे लॉगिन आणि गुणांचे संकलन यांपैकी एक दुवा कच्चा असला तरी निकाल अडतो. तिसरे आव्हान माणसांचे आहे. प्रशिक्षणाअभावी प्राध्यापकाचे काम खोळंबले, तर तोही प्रणालीचाच दोष मानावयास हवा. चौथे आव्हान कालावधीचे आहे. शैक्षणिक वेळापत्रक थांबत नाही, त्यामुळे चाचणीचा काळच प्रथम कापला जातो.

समारोप :
सॉफ्टवेअरमधील दोषाची किंमत अखेरीस विद्यार्थी मोजतो. निकाल लांबला की पुढील प्रवेश व नोकरीची संधी धोक्यात येते. आज तुळजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतही प्रवेश व परीक्षेची कामे संगणकावर अवलंबून आहेत. म्हणून नवी प्रणाली प्रथम मर्यादित विषयांत, जुन्या पद्धतीच्या जोडीने वापरून पाहणे आणि स्वीकृतीच्या चाचणीत प्राध्यापक व कार्यालयीन कर्मचाऱ्यांना सहभागी करून घेणे आवश्यक ठरते. गुणवत्तेची हमी पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर सोपवून संस्थेला आपली जबाबदारी टाळता येणार नाही.