घरातला तट्टा आणि कायद्यातला एक शब्द

मंडळी, घरात अंथरायला काही घ्यायचे म्हटले की आपण रंग पाहतो, भाव पाहतो. बांबूचा तट्टा घेताना त्याचा इतिहासही विचारावा; तो आपल्याच जंगलात घडला आहे.

माणिकगड पहाडावरचा आमचा जिवती भाग राजुऱ्यासह निजामाच्या राज्यात होता. वर्धा नदीपलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा. १९५९ साली राजुरा चांद्याला जोडला गेला. राज्यकर्ते बदलले, पण कोलामाच्या घरी कूड बांबूचा, टोपली बांबूची आणि बसायला तट्टाही बांबूचाच राहिला. गावोगावचे बुरूडही यावरच जगले.

वनस्पतिशास्त्र सांगते, बांबू हे गवत आहे. इंग्रजांच्या १९२७ च्या वन कायद्याने मात्र त्याला झाडांच्या व्याख्येत बसवले. आम्ही कविता लिहिणारे शब्दाच्या वजनाच्या गोष्टी करतो. पण या एका शब्दाचे वजन विणणाऱ्याच्या पाठीवर पडले. तोडायला परवानगी, न्यायला पास! बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबूचे ट्रक जात, आणि कारागिराला मोजून मिळालेल्या बांबूवर भागवावे लागे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक पासचे पुस्तक आले. पुढे २०१७ साली झाडाच्या व्याख्येतून बांबू हा शब्दच वगळला गेला. त्याला ९० वर्षे लागली. जंगलातल्या बांबूला नियम आहेतच, पण शेताच्या बांधावरचा बांबू मोकळा झाला.

आता तट्टा कसा निवडावा? जून बांबूचा घ्यावा. कोवळ्या बांबूची पट्टी वाळली की आक्रसते, वीण सैल पडते. सालीकडची पट्टी टणक, गाभ्याची मऊ. जास्त वावराच्या जागी सालीचाच तट्टा हवा. उजेडासमोर धरून वीण पाहावी, कडा नीट दुमडल्या आहेत का तपासावे. ओल आणि भुंगा हे त्याचे दोन शत्रू. म्हणून ओल्या फरशीवर टाकू नये, पावसाळा सरला की ऊन दाखवावे.

आणि शक्यतो विणणाऱ्याच्याच हातून घ्यावा. प्लास्टिकच्या चटईशी तुलना करून त्याचे दहा रुपये कापू नयेत. बांबू आता कुठे त्याच्या हाती आला आहे. मजुरीही येऊ द्या.