लोमनचे घर आणि देशपांड्यांचा वाडा

आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. फिरता विक्रेता विली लोमन याच्या घराचा शेवटचा हप्ता फिटतो तो त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. घर मोकळे झाले, धनी गेला.

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' विजया मेहतांनी १९८५ साली रंगभूमीवर आणले. तिथे तात्याजींच्या तेराव्यासाठी माणसे जमली आहेत आणि वाडाच ढासळतो आहे. दारात ट्रॅक्टर गंजत पडलेला. गावचा भास्कर आणि मुंबईचा सुधीर यांच्यात खर्चावरून धुसफूस. शिक्षकी पेशामुळे असेल, माझे लक्ष मात्र प्रभाकडे जाते. विलीचा बिफ गणितात नापास होतो, तरी बाप त्याच्या मोठेपणाची स्वप्ने सोडत नाही. प्रभाला शिकायचे होते. तिथे बापच आड आला. तिचे दुःख मला अधिक खोल वाटते.

१९५६ नंतर आपल्या बेळगाव-निपाणी भागातली कितीतरी मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली. वाडा विदर्भातला, पण ते भांडण आपल्याच सोप्यात चालल्यासारखे वाटते. दिवाळीला सुधीर येतो, भास्कर हिशेब काढतो. प्रभा माजघरात असते.