मेसोपोटेमियाच्या रणभूमीवर राहिलेले आपले ज्ञातिबांधव

रत्नागिरी, रायगड, सातारा या जिल्ह्यांतील जुन्या गावांत फिरताना चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी शिळा कित्येकदा दृष्टीस पडते. मजकूर ठराविक असतो : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, आणि बस्स. नाव एकाचेही नाही. चुन्याचे हात बसून बसून काही ठिकाणी तो आकडाही बुजला आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले आणि ते गाव आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. परंतु इतर गावांच्या वाट्यास ही कीर्ती आली नाही.

हे लोक मेले कोठे? फ्रान्सचे नाव पुष्कळ घेतात. मात्र आपल्या ज्ञातीपुरते बोलावयाचे तर उत्तर मुख्यतः मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हेच होय. ऑक्टोबर १९१४ मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून आगबोटीने निघाली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबर रोजी फाव येथे ती उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. मागून १०३ वी व ११० वी पलटण गेली. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. कोकणच्या खाचरातून आणि माणदेशाच्या माळावरून गेलेल्या या तरुणांचे तुर्कस्तानशी वैर ते काय असणार! पावसाने दगा दिला, सावकाराचे देणे थकले, घरात भाऊ चार आणि जमीन दोन बिघे, म्हणून ते गेले. काही हौसेने व घराण्याच्या रीतीप्रमाणेही गेले, हे नाकारण्याचे कारण नाही.

पहिल्या वर्षीच्या विजयांनी वरिष्ठांची हाव वाढली. तैग्रिस नदीच्या काठाने जनरल टाउनशेंड बगदादकडे निघाले. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉन येथे लढाई झाली, चार हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली आणि फौज माघार घेत कुत-अल-अमारा या नदीकाठच्या गावी परतली. डिसेंबरच्या प्रारंभी तुर्कांनी तेथे वेढा घातला, तो जवळजवळ पाच महिने चालला. वरील तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. सोडविण्यासाठी खालून आलेल्या सैन्याचीच सुमारे २३ हजार माणसे पडली, पण कुतपर्यंत कोणी पोहोचू शकले नाही.

आत धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याचा हुकूम निघाला. गोऱ्या शिपायांनी खाल्ले. हिंदी शिपाई आधी तयार होईनात. धर्मगुरूंचे अनुमतीचे निरोप हिंदुस्थानातून मागविण्यात आले, तरी कित्येक महिने बहुतेकांनी तोंड लावले नाही, आणि दातांच्या हिरड्या सुजविणारा स्कर्व्ही रोग त्यांच्यातच अधिक पसरला. एप्रिलमध्ये भूक धर्मावर मात करून गेली. आज कोणी हसेल. मला हसू येत नाही. गावी परतल्यावर पंगतीत बसू देतील की नाही, ही धास्ती त्या काळी मरणापेक्षा लहान नव्हती.

२९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले आणि छावणीतील नोकरचाकर धरून सुमारे १३ हजार लोक कैद झाले. टाउनशेंडसाहेबांस इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांस वाळवंटातून पायी हाकलीत नेण्यात आले व पुढे रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी हजारो परतलेच नाहीत.

त्यांचे स्मारक बसऱ्यास १९२९ मध्ये झाले. ४० हजारांवर मृतांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अंमलदाराचे कोरले, आणि हिंदी शिपायाच्या ठिकाणी पलटणीखाली फक्त संख्या घातली. मृत्यूनंतर सर्वांस समान मान, असे म्हणणाऱ्या आयोगाचेच हे काम! फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे १९२७ मध्ये त्याच आयोगाने हिंदी शिपायांची नावे कोरली होती; म्हणजे जमत नव्हते असे नाही. २०२१ मध्ये आयोगाने चौकशीअंती हा अन्याय कबूल करून क्षमा मागितली. बसऱ्याचे स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून दूर वाळवंटात नेले गेले आहे.

आपल्या समाजाने मात्र त्या वेळी हात बांधले नव्हते. शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यास प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते शिवस्मारकाची व मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसली. येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या, आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. चावडीवरील शिळेतल्या आकड्यात हे सारे एकत्र मोजलेले आहेत. आपण आपलेच वेगळे काढू लागलो तर हिशेब चुकेल.

आता घरची हकीकत. मी शिक्षक असताना इतिहासाच्या तासाला एका मुलाने दप्तरातून ब्राँझची वाटोळी थाळी काढली. आजीने ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली होती! मृताच्या घरी सरकार पाठवी तीच ही थाळी. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत नाव उठविलेले असते, हुद्दा नसतो. मुलाच्या पणजोबांचा अविवाहित थोरला भाऊ तो. बसऱ्याच्या दगडावर नसलेली नावे आयोगाच्या वहीत होती, व त्यांपैकी पुष्कळ आता संगणकावर पाहता येतात. निवृत्तीनंतर मी नातवाकरवी शोध घेतला. गावाचे नाव कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले, पण बापाचे नाव जुळले, पलटण जुळली, आणि मृत्यूची तारीख मिळाली.

मंडळाच्या सभासद कुटुंबांस विनंती आहे की, माळ्यावर, देव्हाऱ्यात, बरणीवर अशी थाळी, पदक वा पेन्शनचा कागद असेल तर नाव, बापाचे नाव, गाव व पलटणीचा आकडा कार्यालयाकडे लिहून पाठवावा. पुढील स्मरणिकेत ती यादी नावानिशी छापता येईल.

तारीख घेऊन मी त्या घरी गेलो. तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांच्याकडे त्या शिपायाचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढीत आले होते. जुन्या पंचांगावरून काढलेली तिथी मी सांगितली. आजीने ती नातसुनेकडून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहवून घेतली आणि मला विचारले, “गुरुजी, इतकी वर्षं अमावास्येला जेवायची सवय झालेला माणूस, आता निराळ्या दिवशी बोलावलं तर येईल ना?”