कॉली श्वानांतील जनुकदोष आणि त्याचा इतिहास

स्कॉटलंडच्या मेंढपाळांचा साथी असलेला कॉली कुत्रा आयव्हरमेक्टिन या कृमिनाशक औषधाने दगावतो, ही गोष्ट इ. स. १९८० नंतरच्या दशकात पशुवैद्यांच्या निदर्शनास आली. इतर श्वानांस निर्धोक ठरणारी मात्रा काही कॉलींना मूर्च्छित करी. या कोड्याचा उलगडा प्रथम उंदरांवरून झाला. १९९४ साली ॲम्स्टरडॅम येथे एक जनुक निकामी केलेले उंदीर याच औषधाने मेले. विषारी द्रव्ये मेंदूबाहेर लोटणारे प्रथिन त्यांच्या ठायी नव्हते. २००१ साली वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांस कॉलींच्या एमडीआर-१ या जनुकातून चार बेसजोड्या गळालेल्या आढळल्या. २००४ साली हाच दोष नऊ जातींत सापडला. त्याभोवतीचा जनुकीय भाग सर्वत्र सारखा असल्याने या जातींचा एखादा समाईक पूर्वज ब्रिटनमध्ये होऊन गेला असावा, असे अनुमान निघाले. तेथील केनेल क्लबची स्थापना १८७३ सालची. हा पूर्वज त्याहून जुना मानला जातो. म्हणजे वंशावळींच्या नोंदवह्यांत ज्याचा मागमूस नाही, ते नाते एका औषधामुळे उघडकीस आले. लेखी साधने जेथे संपतात, तेथे जनुक हेच इतिहासाचे साधन होय. आता औषधापूर्वी जनुकचाचणी करून कॉलीचे प्राण वाचविता येतात.